कंपनीच्या नावावरची गाडी विकताय? या चुका टाळा

साहेब कितीही वर्षं तीच गाडी चालवत असले तरी आरसीवर नाव कंपनीचं आहे, त्यामुळे विकणार कंपनीच. हे साधं लोकांच्या डोक्यात शिरत नाही. साहेब २९-३० नंबरच्या फॉर्मवर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे आरटीओचे फॉर्म) स्वतःच्या नावाने सही ठोकतात, शिक्का नाही, बोर्ड रिझोल्यूशन म्हणजे संचालक मंडळाचा ठराव नाही, आणि आरटीओतून फाईल परत आली की एजंटला शिव्या.

रिझोल्यूशनही कुठूनतरी कॉपी केलेलं असतं. त्यात गाडीचा नंबर, चेसिस नंबर, घेणाऱ्याचं नाव आणि सही कोण करणार हे स्पष्ट पाहिजे, आणि फॉर्मवर सही त्याच माणसाची. मी आरसी समोर ठेवून चेसिस नंबर एकेक अक्षर बोट ठेवून वाचते, मगच प्रिंट काढते. कंपनीचं नाव मधे बदललं असेल तर आधी आरसीवर ते बदलून घ्या, नाहीतर जुनं नाव एकीकडे नवं दुसरीकडे आणि फाईल पुन्हा परत.

पण सगळ्यात जास्त राग येतो तो कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देण्याचा. एका कंपनीने मार्चएंडच्या घाईत डीलरला कोरे २९-३० सही-शिक्क्यानिशी दिले, चेक वटला, विषय संपला असं धरलं. डीलरने गाडी एकाला विकली, त्याने दुसऱ्याला, नावावर कुणीच केली नाही. कंपनीच्या मोबाईलवर ई-चलनांचे मेसेज यायला लागले तर ॲडमिनवाले म्हणे डीलर बघेल. मग अपघात झाला, इन्शुरन्स मधेच संपलेला, आणि अपघात दाव्याची नोटीस आली ती कंपनीच्या नावाने. गाडी कधी, कोणाला दिली याचा एक कागद ऑफिसात सापडला नाही. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच सांगितलंय की रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. आमच्या या कंपनीची केस अजून चालू आहे.

म्हणून घेणाऱ्याचं नाव भरल्याशिवाय पेन उचलू नका, दहा मिनिटं वाचवायला कोरी सही देणं हा शुद्ध आळस आहे. डिलिव्हरी लेटरवर तारीख, वेळ, किलोमीटर आणि घेणाऱ्याची सही घ्या. फॉर्म २९ ची माहिती विकल्यापासून १४ दिवसांत आरटीओला गेली पाहिजे. डीलरला देताय तर तो अधिकृत आहे का बघा, २०२३ पासून अशा डीलरला गाडी दिल्याची नोंद फॉर्म २९सी ने पोर्टलवर करता येते, ती करून घ्याच. आणि आरसीवर नवं नाव दिसेपर्यंत परिवहनच्या साइटवर अधूनमधून चेक करत राहा, मी तोवर फाईल बंद करत नाही.

लोन फिटलं म्हणजे एचपी (आरसीवरची कर्जाची नोंद) निघाली असं नसतं, ती काढायला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतोच. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर आरटीओच्या एनओसीसाठी फॉर्म २८. चलनं आधी भरा, फास्टॅग त्याच दिवशी बंद करा.

जीएसटी विसरतात. जीएसटी नोंदणी असलेल्या कंपनीला २५ जानेवारी २०२५ पासून १८ टक्के, पण पूर्ण किमतीवर नाही. गाडीवर डेप्रिसिएशन (घसारा) घेतलं असेल आणि इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलेलं नसेल तर विक्री किंमत वजा इन्कम टॅक्सप्रमाणे उरलेली किंमत, त्या फरकावर. फरक उणे आला तर काही नाही. हा हिशोब सीएला बिल करायच्या आधी विचारा, नंतर नाही.

डायरेक्टर स्वतःच गाडी घेत असेल तर कंपनीतर्फे सही दुसऱ्या डायरेक्टरची घ्या.