घरात लिहायची जागा करताय? या चुका टाळा

नव्यानं लिहायला लागलेली मंडळी मला हमखास विचारतात, "ताई, टेबल कुठलं घेऊ?" महिनाभर रोज एकाच ठिकाणी बसून पाहिलंत का, असं मी विचारलं की गप्प होतात. आमच्या डोंबिवलीच्या वन बीएचकेत ५ माणसं राहतात आणि मी ११ वर्षं तिथेच लिहितेय. लोक त्याच त्याच चुका करून लिहिणं सोडून देतात, ते बघवत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जेवणाचं टेबल. मोकळं दिसतं, उजेड बरा असतो, वर पंखा असतो. पण ते दिवसातून चारदा आवरलं जातं आणि दर वेळी तुमचं लेखन तिथून उचललं जातं. माझी एक दीर्घकथा अशीच गेली. १४ पानं, पाठकोऱ्या कागदांवर हातानं लिहिलेली. अचानक पाहुणे आले म्हणून घाईघाईत वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्यातलेच पेपर पसरून मेथी निवडली, उरलेला गठ्ठा बांधला आणि शनिवारी रद्दीवाला आला. पाठकोरे कागद रद्दीत जाणारच, त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मी धावत दुकान गाठलं, तोवर टेम्पो भरून गेला होता. कथा पुन्हा लिहिली, पण शेवटच्या प्रसंगात आजी जे बोलते ते पहिल्यासारखं उतरलं नाही. त्याची हळहळ आजही आहे.

मग सुताराकडून बेडरूममध्ये कपाटाशेजारी २ फूट बाय दीड फुटाची फळी भिंतीला बिजागऱ्यांवर बसवून घेतली. आधी खुर्चीत बसून कोपर कुठे येतं ते पाहिलं, मगच त्याला भोकं पाडू दिली. जमिनीपासून २९ इंच आली. लिहून झालं की फळी खाली पाडून ठेवते. उघडी राहिली की त्यावर ओला टॉवेल येतो, किल्ल्या येतात, इस्त्रीचे कपडे येतात. एक दिवस चालवून घेतलंत की आठवड्यात जागा गेलीच समजा.

दुसरी चूक बाल्कनी. मे महिन्यात संध्याकाळचा वारा सुटला की वाटतं, इथेच बसावं. पण मराठीत लिहायचं म्हणजे दिवाळी अंक आलेच. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि पुढे ती प्रथाच पडली. दिवाळीत अंक हातात यायचा तर मजकूर जुलै-ऑगस्टमध्ये पोचवावा लागतो, म्हणजे आपल्या लिहिण्याचा हंगाम ऐन पावसाळ्यात. तेव्हा बाल्कनीत कागद सर्द होतो, शाई फुटते, एमडीएफचं (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीचं) टेबल कडेनं फुगतं. आणि ५ माणसांचे कपडे वाळत कुठे घालणार? माझ्या एका मैत्रिणीनं हौसेनं तिथे टेबल करून घेतलं. जुलैत त्यावर कपड्यांचा स्टँड उभा होता.

जागेसोबत वेळ ठरवली नाही तर जागेचा उपयोग नाही. पहाटे उठून लिहा, असं सगळे सांगतात. आमच्याकडे पहाटे साडेपाचला पाणी येतं, मग डबे, मग शाळेची बस. म्हणून मी दुपारी ओटा पुसून झाला की २ ते साडेतीन बसते. तुमच्या घरात कुकर कधी लागतो, टीव्ही कधी लागतो, ते चार दिवस नीट बघा. घरच्या घड्याळाशी भांडू नका.

"मला त्रास देऊ नका" असं म्हणून तर कुणीच ऐकत नाही. किती वाजता उठणार ते सांगा. मुलगी ६ वर्षांची होती तेव्हा मी पुठ्ठ्यावर साडेतीनचे काटे काढून तो खुर्चीच्या पाठीला टांगला. भिंतीवरचं घड्याळ असं दिसलं की ये, एवढंच सांगितलं. ती दारात उभी राहून दोन्ही घड्याळं ताडून बघायची. आणि साडेतीनला मी उठायचेच, वाक्य अर्धं राहिलं तरी. आपण वेळ पाळली नाही तर मुलांनी का पाळावी?

उजव्या हातानं लिहीत असाल तर उजेड डावीकडून हवा. ट्यूबलाइट पाठीमागे असेल तर स्वतःचीच सावली कागदावर पडते. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर हेडफोन एकाच कानात. मोबाइलचा चार्जर दुसऱ्या खोलीत.

खुर्चीवर मात्र पैसे वाचवू नका. प्लॅस्टिकच्या खुर्चीत दीड तास बसवत नाही.

लिहिलेले कागद घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, कसर लागत नाही. प्रत्येक पानावर क्रमांक घाला आणि उठण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. मी आता एक पान झालं तरी काढते.