रक्तक्षयात ताटात काय घ्यावे आणि चहा केव्हा प्यावा

प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातले लोहयुक्त प्रथिन, दर 100 मिलिलिटर रक्तात 12 ग्रॅमच्या खाली गेले, की घरातून पहिला सल्ला येतो तो बीट खाण्याचा. बीट अवश्य खावे; मात्र त्याचा लाल रंग लोहाचा नसतो आणि त्यात लोहही बेताचेच असते. शिवाय धान्ये, कडधान्ये आणि भाज्या यांतले लोह शरीर मुळातच थोडे शोषते, म्हणून ते कशासोबत खाल्ले जाते याला फार महत्त्व आहे.

मंडईत माठ, राजगिरा, चवळी अशा पालेभाज्या मिळतात, त्या आलटून पालटून आणाव्यात. मटकी रात्रभर भिजवून फडक्यात बांधून ठेवली, की मोड येताना तिच्यातले लोह अडकवून ठेवणारे फायटेट कमी होते. तिची उसळ लोखंडी कढईत केल्यास कढईतले थोडे लोहही अन्नात उतरते, विशेषतः त्यात टोमॅटो किंवा आमसूल असेल तर. पण उसळ कढईत ठेवून देऊ नये, शिजताच दुसऱ्या भांड्यात काढावी. लिंबू मात्र ताटात वाढल्यावरच पिळावे, कारण त्यातले लोह शोषायला मदत करणारे क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते. आवळा किंवा पेरूची फोड जेवणात असली तरी हेच काम होते. अळीव हे लोहाचे उत्तम साधन असून भिजवल्यावर ते बुळबुळीत होऊन फुगतात. गरोदरपणात मात्र ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत. मांसाहार चालत असेल, तर मटण आणि मासे यांतले लोह अधिक सहज शोषले जाते.

आता चहा. पुण्यात पोह्यांपाठोपाठ अमृततुल्यचा कप आलाच पाहिजे अशी सवय आहे, पण चहातले टॅनिन लोहाला बांधून ठेवते आणि पोह्यांवर पिळलेल्या लिंबाची कमाई वाया जाते. चहा सोडण्याची गरज नाही; खाणे आणि चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवावे, एवढेच मी कळकळीने सांगेन.

रक्तक्षय झाल्यावर केवळ आहाराने तो सहसा भरून येत नाही. डॉक्टरांकडून फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची, तपासणी करून घ्यावी, कारण थॅलेसिमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकांचेही हिमोग्लोबिन कमी असू शकते आणि त्यांना लोहाची गरज असेलच असे नाही. पुरुषांमध्ये आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये पोटात कुठे रक्तस्राव होतो आहे का, हेही पाहावे लागते. लोहाची गोळी दुधाबरोबर घेऊ नये. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही शरीरातला साठा भरण्यासाठी ती साधारण तीन महिने चालू ठेवावी लागते. या काळात शौचास काळी होते, म्हणून घाबरून गोळी बंद करू नये.