ऑलिव्ह ऑइल घेताना बाटली फिरवून बघा

पुण्यात कॅम्प असो की बाणेर, दुकानातल्या बाटलीवर पुढच्या बाजूला हिरवीगार बाग आणि ‘प्युअर’ असं ठळक छापलेलं असतं. ते सोडा, आधी तेलाची प्रत शोधा. ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ म्हणजे फळं दळून, रसायन न वापरता काढलेलं तेल, आम्लता (तेलातल्या सुट्या फॅटी आम्लांचं प्रमाण) ०.८ टक्क्यांपर्यंत. ‘व्हर्जिन’ला २ टक्क्यांपर्यंत मुभा असते. ‘प्युअर’, ‘क्लासिक’ किंवा नुसतं ‘ऑलिव्ह ऑइल’ म्हणजे रिफाइंड तेलात थोडं व्हर्जिन. ‘एक्स्ट्रा लाइट’मध्ये हलकी असते ती चव आणि रंग, कॅलरी तेवढ्याच, १५ मिलीच्या चमच्याला सुमारे १२०. ‘पोमेस’ हे चोथ्यातून सॉल्व्हंटने, म्हणजे तेल विरघळवणाऱ्या रसायनाने काढून रिफाइंड केलेलं तेल. तळणाला चालेल, पण एक्स्ट्रा व्हर्जिनच्या भावाने घेऊ नका.

नुसत्या आम्लतेच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. रिफायनिंगमध्ये आम्लं काढूनच टाकतात, त्यामुळे बेचव रिफाइंड तेलाची आम्लताही ०.३ टक्क्यांच्या आत असते. आकडा बघायचा तो प्रतीच्या नावासोबत.

मग तारखा. ‘बेस्ट बिफोर’ची मुदत साधारण बाटली भरल्यापासून १८ ते २४ महिने धरतात, आणि त्याआधी तेल टाकीत किती पडून होतं हे त्यावरून कळत नाही. म्हणून फळं तोडल्याचा हंगाम बघा. स्पेन-इटलीत तो साधारण ऑक्टोबर ते जानेवारी. हंगाम छापलेला असेल तर तीच बाटली उचला. आयातदाराच्या स्टिकरखाली तो कधी कधी झाकला जातो, तिथेही नजर टाका. त्याच स्टिकरवर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक हवा.

‘इटलीत पॅक केलेलं’ म्हणजे इटलीत पिकलेलं नव्हे. स्पेन, ग्रीस, ट्युनिशियाचं तेलही तिथे बाटलीत भरतात. मूळ देश वेगळा लिहिलेला असतो. ‘कोल्ड एक्स्ट्रॅक्शन’ला, म्हणजे फार न तापवता तेल काढण्याला, युरोपात २७ अंश सेल्सिअसची मर्यादा आहे, ‘फर्स्ट प्रेस’ला (पहिल्या दाबाचं तेल) आता फारसा अर्थ उरलेला नाही.

काच गडद हवी किंवा डबा पत्र्याचा. दुकानाच्या दिव्याखाली, धूळ बसलेली पारदर्शक बाटली नकोच.

फ्रिजमध्ये गोठलं की अस्सल, ही व्हॉट्सअ‍ॅपवरची चाचणी बिनकामाची. चमचाभर तेल चाखा: ताज्या एक्स्ट्रा व्हर्जिनला गवताचा वास येतो, किंचित कडू लागतं आणि घशात झणका बसतो. खवट शेंगदाण्याचा वास आला तर लेबल काहीही म्हणो, तेल गेलेलं आहे. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये बाटली गॅसजवळ ठेवू नका. लहान बाटली आणा आणि उघडल्यावर दोन महिन्यांत संपवा.