मिंटचं कुलूप आणि लहान मुलांची बोटं

जानेवारी 2021 मध्ये लिनक्स मिंट या संगणक प्रणालीच्या सिनॅमन डेस्कटॉपमधली (खिडक्या, मेन्यू दाखवणाऱ्या भागातली) एक त्रुटी उघड झाली. एका गृहस्थांची मुलं लॉक स्क्रीनवर खऱ्या कीबोर्डची आणि पडद्यावरच्या कीबोर्डचीही बटणं धडाधड दाबत होती, आणि पासवर्डशिवाय डेस्कटॉप उघडला!

घरच्या लॅपटॉपवर मिंटच होतं, म्हणून ताबडतोब तपासलं. लॉक स्क्रीनवर पडद्यावरचा कीबोर्ड उघडला, 'ई'चं बटण दाबून धरलं आणि डोक्यावर आडवी रेघ असलेलं अक्षर निवडलं. लॉक गेलं, उघड्या खिडक्या समोर!

कारण समजून घेण्यासारखं आहे. एक्स-ऑर्ग या, लिनक्सवर पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या प्रोग्राममधली एक सुरक्षा त्रुटी बुजवण्यासाठी बदल झाला होता. त्यानंतर हे अक्षर दाबलं की कॅरिबू ही पडद्यावरच्या कीबोर्डची लायब्ररी (इतर प्रोग्राम वापरतात तो तयार कोड) कोसळू लागली. सिनॅमनच्या लॉक स्क्रीनवर ती स्क्रीनसेव्हरच्या, म्हणजे लॉक लावणाऱ्या प्रोग्रामच्याच प्रोसेसमध्ये चालायची, त्यामुळे तिच्याबरोबर लॉकही मेलं. एक्स-११ वर, म्हणजे एक्स-ऑर्ग ज्या पद्धतीने चालतं त्या पद्धतीत, लॉक स्क्रीन हा शेवटी एक साधा प्रोग्रामच असतो. तो बंद पडला की अडवणारं कुणी उरत नाही. म्हणूनच लॉकच्या प्रोग्राममध्ये शक्य तितका कमी कोड असावा, असं एक्सस्क्रीनसेव्हर या लॉक स्क्रीनच्या जुन्या प्रोग्रामचे लेखक जेमी झाविन्स्की वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. मला ते पूर्ण पटतं.

दुरुस्ती सोपी निघाली. अपडेट मॅनेजर रिफ्रेश केला, कॅरिबूच्या दुरुस्तीसह सगळे अपडेट घेतले आणि लॅपटॉप रीस्टार्ट केला. मग तेच अक्षर पुन्हा दाबून पाहिलं. लॉक जागचं हललं नाही. सिनॅमन 4.2 किंवा त्यानंतरची, पण या दुरुस्तीआधीची आवृत्ती अपडेटविना पडून असेल, तर आजच तपासा.