ठिबकात ॲसिड सोडण्याआधी: केळीच्या मळ्यातील तयारी

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात ठिबकाच्या तोट्यांवर पांढरा थर दिसू लागला आणि ओळीच्या शेवटच्या झाडांना पाणी कमी पडू लागले, की ॲसिड सोडण्याची बोलणी सुरू होतात. पाण्यातील चुन्याचे क्षार ड्रिपरच्या अरुंद वाटेत बसतात, हायड्रोक्लोरिक ॲसिडने ते विरघळतात आणि प्रत्यक्ष काम अर्ध्या तासाचे असते. बहुधा म्हणूनच त्याची वेगळी तयारी कोणी करत नाही. कारखान्यात हेच ॲसिड हाताळताना जवळ शॉवर असतो, डोळे धुण्याचा नळ असतो. मळ्यात मात्र एक सालदार, एक बादली आणि गळ्यातला रुमाल एवढाच बंदोबस्त असतो.

पहिली तयारी पाण्याची, आणि ती ॲसिडचा कॅन मळ्यात येण्याआधी पूर्ण झालेली असावी. ॲसिड अंगावर किंवा डोळ्यात गेले तर निदान वीस मिनिटे सतत पाण्याने धुवावे लागते. मिनिटाला दहा लिटर धरले तरी दोनशे लिटर पाणी होते, म्हणजे एक पूर्ण ड्रम. मोटर चालू आहे, मग पाण्याला काय तोटा, असे आपल्याला वाटते. पण शेतीची थ्री-फेज लाईट पाळीने आठ तास मिळते आणि त्या आठ तासांतही ती केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे नेमके हेच घडले. उन्हात ठेवलेल्या कॅनचे झाकण आमच्या सालदाराने एकदम फिरवले, आत कोंडलेल्या वाफेबरोबर शिंतोडा उडाला आणि तो डोळा धरून खाली बसला. “आप्पा, डोयात गेलं,” एवढेच तो म्हणाला. लाईट दहाच मिनिटांपूर्वी गेली होती, ड्रममध्ये चार बोटे पाणी आणि केळीचा पालापाचोळा होता. शेवटी पिण्याचा माठ त्याच्या डोळ्यावर ओतला आणि शेजारच्या मळ्यातून कळशा आणल्या. डोळा वाचला. दवाखान्यात डॉक्टरांनी सर्वांत आधी विचारले ते हे की, किती वेळात धुवायला घेतले आणि किती वेळ धुतले. तेव्हापासून ड्रम काठोकाठ भरलेला, तळाला तोटी व हातभर नळी लावलेला, कामाच्या जागेपासून दहा पावलांच्या आत आणि सावलीत असल्याशिवाय आम्ही कॅनला हात लावत नाही. सावलीचा आग्रह अशासाठी की, मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की उन्हातल्या ड्रमचे पाणी स्वतःच पोळते.

लाईटचा दुसराही एक धोका आहे आणि तो फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ॲसिड ओढले जात असताना मोटर बंद पडली, तर मेनलाईनमधले पाणी ॲसिडसह उलटे विहिरीत उतरू शकते. त्यासाठी व्हेंच्युरीच्या (पाण्याच्या ओढीने ॲसिड लाईनमध्ये खेचणाऱ्या जोडाच्या) आधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवलेला असावा आणि तो खरोखर बंद होतो की नाही, हे आदल्या दिवशी मोटर एकदा बंद करून पाहावे. खताची लोखंडी टाकी या कामाला वापरू नये. ॲसिड लोखंड खाते आणि त्यातून जळणारा हायड्रोजन वायू निघतो, म्हणून तेथे बिडीकाडीही नको. व्हेंच्युरी फिल्टरच्या पुढे जोडावी, म्हणजे फिल्टरची टाकी वाचते.

वेळ सकाळची धरावी. ऊन चढले की कॅनमधून धूर जास्त उठतो, आणि माणूस घामाघूम झाला की चष्मा कपाळावर चढवतो. चष्मा म्हणजे बाजूंनी बंद असलेला गॉगल. नजरेचा किंवा मोटारसायकलवरचा चष्मा चालत नाही. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, प्लास्टिकचा एप्रन आणि गमबूट आधी आणून ठेवावेत, आणि पँट बुटाच्या आत न खोचता बाहेर सोडावी, नाहीतर ओघळलेले ॲसिड बुटात साठून पायाला भाजत राहते. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवतो, ॲसिडची वाफ अडवत नाही. मास्क घ्यायचाच तर आम्लवायूसाठीचे कार्ट्रिज असलेला घ्यावा, आणि तोही नसेल तर वाऱ्याकडे पाठ करून मोकळ्यावर काम करावे, पंपाच्या खोलीत मुळीच नाही. माणसे दोनच असावीत: एक ओतणारा, दुसरा ड्रमपाशी उभा राहून फक्त लक्ष ठेवणारा.

ॲसिड विकत घेताना ओळखपत्र सोबत न्यावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिलेल्या निर्देशांनुसार विक्रेत्याने खरेदीदाराची नोंद ठेवायची असते आणि अठरा वर्षांखालील कोणालाही ॲसिड विकायचे नसते. तेव्हा पोराला दुकानावर पिटाळू नये. कॅन गाडीवर आडवा टाकून आणू नये, आणि उरलेले ॲसिड पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर कधीच भरून ठेवू नये.

किती ॲसिड लागेल हे शेजाऱ्याला विचारून ठरत नाही, कारण त्याचे पाणी वेगळे. दहा लिटर पाण्याच्या प्लास्टिकच्या बादलीत थोडे थोडे ॲसिड टाकत सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) पट्टीवर चारच्या आसपास येईपर्यंत मोजत जावे. समजा सहा मिलिलिटर लागले आणि संचातून पंधरा मिनिटांत अडीच हजार लिटर पाणी जाते, तर दीड लिटर ॲसिड पुरते. त्यापेक्षा जास्त आणले तर ते साठवण्याची चिंता वाढते. बादलीत नेहमी आधी पाणी, मग ॲसिड. उलट केले तर उष्णतेने ते उसळून अंगावर येते, आणि सल्फ्युरिक ॲसिड असेल तर फारच जोरात.

शेततळ्याचे पाणी वापरणारे शेवाळासाठी ब्लिचिंग पावडरही सोडतात. ती आणि ॲसिड एका खोलीत ठेवू नयेत, एका बादलीत, एका मापात किंवा एकाच दिवशी वापरू नयेत. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे खड्ड्यात, विहिरीच्या तोंडाशी, पंपाच्या खोलीत साचून राहतो. असा माणूस आत पडलेला दिसला तर धावत आत उतरणारा दुसराही तिथेच पडतो; दार उघडून, वाऱ्याच्या उलट दिशेला आणि उंचावर जाऊन आधी मदत बोलवावी. युरिया किंवा अमोनियम सल्फेटच्या टाकीतही ब्लिचिंग टाकू नये, त्यातूनही विषारी वायू निघतात.

दवाखान्याची तयारी कागदावर असावी. १०८ वर फोन करून “आमच्या मळ्यात या” म्हणून रुग्णवाहिका येत नाही; गाव, शिवार, कोणत्या फाट्यावरून कोणता रस्ता आणि जवळची ठळक खूण हे एका कागदावर लिहून पंपाच्या खोलीच्या दारावर चिकटवावे, आणि फाट्यावर उभे राहायला एक माणूस आधीच ठरवावा. कॅनवरच्या लेबलचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवावा, कारण डॉक्टरांना “पांढरे ॲसिड” यावरून काही कळत नाही. रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावरचे भिजलेले कपडे काढून पाणी ओतत राहावे, डोळ्याच्या पापण्या बोटांनी उघड्या धरून धुवावे आणि गाडीतही धुणे चालू ठेवावे. जखमेवर खाण्याचा सोडा, चुना, हळद, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. ॲसिड चुकून पोटात गेले असेल तर ओकारी काढू नये, मीठ-पाणी पाजू नये. वर येताना ते अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. क्लोरीन हुंगलेल्या माणसाला आडवे न झोपवता टेकून बसवावे, आणि तासाभरात बरे वाटले तरी घरी नेऊ नये, कारण फुप्फुसात पाणी भरण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो. ऑक्सिजन आणि रात्रभर देखरेख मिळेल तोच दवाखाना आधी चौकशी करून ठरवलेला बरा.

पोतेभर चुना मात्र जवळ असू द्यावा, पण तो जमिनीसाठी. ॲसिड सांडले तर कडेने आत असा हळूहळू पसरावा, फेस थांबला की माती उचलावी.

ॲसिड सोडून झाले की संच चोवीस तास बंद राहतो. त्या दिवशी मळ्यातल्या कोणत्याही तोटीचे पाणी माणसांनी वा गुरांनी पिऊ नये, हे मजुरांना आणि पोरांना सकाळीच सांगून ठेवावे. दुसऱ्या दिवशी सबमेनचे (मेनलाईनच्या फाट्याचे) फ्लश व्हॉल्व्ह आणि लॅटरलची (झाडांच्या ओळीतल्या नळ्यांची) टोके उघडली की आधी दुधासारखा गढूळ लोट येतो. पट्टीवरचा सामू विहिरीच्या पाण्याइतका दिसेपर्यंत टोके उघडीच ठेवावीत. रिकामा कॅन तीनदा विसळून, ते पाणी चुन्यावर ओतून, कॅनला खिळ्याने भोके पाडावीत, म्हणजे घरच्या बायका तो पाण्यासाठी उचलून नेत नाहीत.