ग्वाल्हेरच्या घराला डबल ग्लेझिंग की ट्रिपल? या चुका टाळा

थाटीपूर, सिटी सेंटरकडे नवं घर बांधणारी किंवा लश्करातल्या जुन्या वाड्याच्या खिडक्या बदलायला निघालेली आपली मंडळी फॅब्रिकेटरकडे, म्हणजे खिडक्या बनवणाऱ्याकडे गेली की पहिला प्रश्न हाच विचारतात: एका खिडकीत पोकळी सोडून काचा दोन घेऊ (डबल ग्लेझिंग) की तीन (ट्रिपल)? उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, जानेवारीच्या पहाटे ४-५ अंशांवर उतरतो. तेव्हा तीन काचा हव्यातच असं वाटणं साहजिक आहे. पण काचा मोजण्याआधी कोणत्या खिडकीवर किती ऊन येतं ते बघा. सगळ्यात मोठी चूक तिथेच होते.

थोडा हिशेब करू. आत-बाहेरच्या तापमानात एक अंशाचा फरक असला, तर एकेरी काचेच्या दर चौरस मीटरमधून सुमारे ५.७ वॅट उष्णता आत येते. साध्या डबलमधून २.८, साध्या ट्रिपलमधून दोनच्या आसपास. बाहेर ४५ आणि आत २६ अंश असतील, तर एकेरी काचेतून १०८ वॅट, डबलमधून ५३, ट्रिपलमधून ३८. म्हणजे तिसऱ्या काचेने वाचले जेमतेम १५ वॅट. आता पश्चिमेच्या खिडकीवर दुपारी चारला पडणारं ऊन दर चौरस मीटरला ५०० वॅट धरा. साध्या ट्रिपलमधून त्यातले सव्वातीनशेच्या आसपास आत येतात. उन्हासाठीचा लो-ई लेप (उष्णता परतवणारा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा पातळ थर) असलेल्या चांगल्या डबलमधून दीडशेच. युरोपातल्या थंड देशांत महिनोन्‌महिने कडाक्याची थंडी असते आणि ऊन हवंहवंसं असतं, म्हणून तिथे तिसरी काच पैसे वसूल करते. ग्वाल्हेरात तोच पैसा लेपावर आणि सावलीवर घाला.

सगळ्या खिडक्यांना एकच काच

ही चूक फार जण करतात. दक्षिणेला दोन फुटांचा छज्जा असेल तर साधी डबल पुरते. जूनच्या दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, ऊन छज्जाच अडवतो. जानेवारीत तेच ऊन छज्ज्याखालून आत येतं आणि तेव्हा ते हवं असतं. पश्चिमेला छज्ज्याचा उपयोग नाही, तिथे ऊन आडवं येतं. लेपाची काच तिथे लावा आणि ऊन काचेच्या बाहेरच अडवा: चिकाचे पडदे, वाळ्याचे पडदे, लाकडी झडपा. आतून कितीही जाड पडदा लावला तरी काचेतून आलेली बरीचशी उष्णता खोलीतच राहते. जुन्या वाड्यात बाहेरच्या झडपा शाबूत असतील, तर नव्या खिडक्यांच्या नादात त्या कृपा करून काढू नका.

लेप उलट्या बाजूला

आपल्या हवेत लेप बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगावर, म्हणजे दोन काचांमधल्या पोकळीकडे तोंड करून हवा. काच उलटी बसली तर ती जास्त ऊन आत सोडते. खोलीत अंधार करून काचेसमोर लायटर पेटवा. ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतील, त्यातलं वेगळ्या रंगाचं असेल ते लेपाचं. आतून पाहताना ते तिसरं यायला हवं. दुसरं आलं तर बिल चुकतं करण्याआधी काच फिरवून घ्या.

काचांमध्ये ‘व्हॅक्यूम’ आहे असं विक्रेता सांगेल. नेहमीच्या डबल-ट्रिपलमध्ये तो नसतो. कोरडी हवा किंवा आर्गॉन वायू असतो. ही पोकळी १२ ते १६ मिलिमीटर हवी. तीन काचा नेहमीच्या फ्रेममध्ये कोंबायच्या म्हणून ६-६ मिलिमीटरच्या पोकळ्या ठेवतात, आणि तिसऱ्या काचेचा बराचसा फायदा तिथेच संपतो. वजनही बघा: पाच बाय चार फुटांच्या खिडकीत ५ मिलिमीटरच्या दोन काचा सुमारे ४६ किलो, तीन काचा ७० किलो. हलक्या बिजागऱ्या आणि रोलर हे फार दिवस पेलत नाहीत.

घर कूलरवर चालत असेल तर आधी थांबा. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. ती निघून जायला खिडकी उघडी लागते, नाहीतर खोली दमट होते. उन्हाळाभर उघड्या राहणाऱ्या खिडकीत महाग काच बसवून काहीच साधत नाही. एसी असलेल्या खोलीपुरतंच डबल ग्लेझिंग करा. आणि अशा घट्ट बंद खोलीत थंडीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतच जीव जातो.

काचेवर धुकं दिसलं तर

धुकं खोलीकडच्या अंगावर असेल तर खोलीत दमटपणा आहे, थोडी हवा खेळू द्या. पावसाळ्यात एसी चालू असताना बाहेरच्या अंगावर आलं तर चिंता नको. मात्र दोन काचांच्या मध्ये आलं आणि पुसलं जात नाही, तर कडेचं सील गेलं. सिलिकॉनने ते दुरुस्त होत नाही, पूर्ण युनिट बदलावं लागतं. म्हणून सीलची वॉरंटी किती वर्षांची ते लेखी घ्या.

लग्नसराईतल्या बँडचा आवाज थांबवायला ट्रिपल घेणाऱ्यांचीही निराशा होते. त्यासाठी दोन वेगळ्या जाडीच्या काचा, त्यातली एक लॅमिनेटेड (मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून चिकटवलेली), आणि स्लायडिंगऐवजी गॅस्केटवर, म्हणजे रबरी पट्टीवर दाबून बंद होणारं खिडकीचं दार जास्त उपयोगी. खिडकी बसल्यावर रात्री खोलीत अंधार करून कुणाला तरी बाहेरून फ्रेमच्या कडेने टॉर्च फिरवायला सांगा. जिथून उजेड आत येईल तिथून आवाजही येणार आणि लूची, म्हणजे उन्हाळी गरम वाऱ्याची धूळही. फॅब्रिकेटरची माणसं घरात असतानाच ती फट बुजवून घ्या.