त्वचेच्या जिवाणुसंसर्गासाठी दिलेले प्रतिजैविक नीट कसे वापरावे

पावसाळ्यात डास चावलेली जागा लहान मुले खाजवून खाजवून सोलतात, आणि दोन-तीन दिवसांत तिथे पाणी सुटून मधाच्या रंगाची खपली धरते. हा इम्पेटिगो. मोठ्यांना केसतूड होते, काखेत गळू येते. मधुमेह असलेल्यांच्या पायाच्या बोटांत चिखल्या होऊन त्या भेगांतून जंतू शिरतात आणि पोटरीपर्यंत लाल, गरम, दुखरी सूज चढते, तिला सेल्युलायटिस म्हणतात. यांपैकी बहुतेक आजारांच्या मागे स्टॅफिलोकॉकस ऑरियस किंवा स्ट्रेप्टोकॉकस हे जिवाणू असतात.

मी औषधांच्या दुकानात काम करतो. पिळून चपटी झालेली ट्यूब काउंटरवर ठेवून ‘हीच द्या, मागच्या वेळी हिनेच बरे वाटले होते’ असे सांगणारे ग्राहक जवळजवळ रोज येतात. मागच्या वेळी गळू असते आणि या वेळी जांघेत गजकर्ण असते, जे बुरशीमुळे होते. कधी पाठीवर नागीण असते, जी विषाणूमुळे होते. या दोहोंवर प्रतिजैविकाचा, म्हणजे जिवाणूंवरच्या औषधाचा (अँटिबायोटिकचा), काडीचाही उपयोग होत नाही. त्यातून ट्यूब स्टेरॉइड मिसळलेली असली, तर खाज चार दिवस थांबते, रुग्णाला गुण आल्यासारखे वाटते आणि बुरशी मात्र पसरत राहते. म्हणून वेष्टनावर उभी लाल रेघ असलेले, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचे औषध ज्या माणसाला, ज्या दुखण्यासाठी लिहून दिले आहे, त्यापुरतेच वापरावे, एवढे माझे कळकळीचे सांगणे आहे.

डॉक्टर औषध लिहीत असतानाच काही गोष्टी त्यांना आपणहून सांगाव्यात. पूर्वी पेनिसिलिनच्या गटातील औषधाने अंगावर पित्त उठले होते का, ओठ सुजले होते का, दम लागला होता का, हे सर्वांत आधी सांगावे. कारण अमॉक्सिसिलिन त्याच गटातले आहे आणि सेफॅलेक्सिन त्याच्या जवळच्या गटातले. मूत्रपिंडाचा आजार, गर्भारपण, बाळाला अंगावर पाजणे, तसेच रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनसारखी गोळी चालू असणे, यांचीही कल्पना द्यावी.

इम्पेटिगोचे मोजकेच फोड असतील, तर बहुधा म्युपिरोसिन 2 टक्के हे मलम दिले जाते. खपलीवर कोमट पाण्यात भिजवलेला स्वच्छ कपडा थोडा वेळ धरावा, ती मऊ होऊन आपोआप सुटेल तेवढीच पुसून काढावी, ओढून काढू नये. जागा कोरडी करून मलमाचा पातळ थर लावावा आणि आधी व नंतर हात साबणाने धुवावेत. हे मलम साधारणपणे दिवसातून 3 वेळा लावतात, 10 दिवसांपेक्षा अधिक लावत नाहीत, आणि 3 ते 5 दिवसांत फरक पडला नाही तर पुन्हा दाखवतात. डोळ्यांत ते जाऊ देऊ नये. त्याच जागी दुसरे क्रीम, हळद किंवा चुना लावू नये; मलमाची मात्रा विरळ होते आणि फोडाचे खरे रूपही झाकले जाते.

पोटात घ्यायच्या औषधात चूक होते ती वेळेची. ‘दिवसातून 3 वेळा’ म्हणजे साधारण दर 8 तासांनी. सकाळी 7, दुपारी 3 आणि रात्री 11 अशा वेळा बहुतेक घरांत जमतात. एखादी गोळी राहिली तर आठवताच घ्यावी, पण पुढची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्यावी. दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनिक ॲसिड यांची गोळी जेवायला बसताना घेतली की पोट कमी बिघडते. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर घ्यावे, त्यानंतर अर्धा तास आडवे होऊ नये, आणि लोहाची किंवा ॲसिडिटीची गोळी त्याच वेळी घेऊ नये.

मुलांच्या कोरड्या सिरपची बाटली आधी आपटून पावडर सुटी करावी, उकळून गार केलेले पाणी खुणेच्या थोडे खाली घालून हलवावे, फेस बसल्यावर खुणेपर्यंत पुन्हा पाणी घालावे आणि बाटलीवर तारीख लिहावी. प्रत्येक वेळी बाटली हलवून मगच औषध काढावे, नाहीतर पहिल्या दिवशी पातळ पाणी आणि शेवटच्या दिवशी घट्ट गाळ मुलाच्या पोटात जातो. मोजायला सोबतचे माप घ्यावे, स्वयंपाकघरातला चमचा नव्हे. फ्रिजमध्ये ठेवायचे का आणि किती दिवस, हे लेबलवर पाहावे.

सेल्युलायटिसमध्ये पहिल्याच दिवशी लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढून तिच्याशेजारी वेळ लिहावी. पहिल्या दिवशी लाली थोडी बाहेर सरकली तर घाबरू नये. मात्र 48 तासांनंतरही ती रेघेपलीकडे पसरत असेल, तर डॉक्टरांकडे परत जावे. पाय उशीवर उंच ठेवावा, आणि चिखल्यांवर वेगळा उपचार करून घ्यावा, कारण ती वाट उघडी राहिली तर हेच दुखणे पुन्हा उलटते. पू साठलेल्या गळवाला बहुतेक वेळा चीर द्यावीच लागते. ते घरी दाबून फोडू नये, नाकाच्या आसपासचे तर मुळीच नाही.

थंडी वाजून ताप, लाल रेघा वर चढणे, डोळ्याभोवती सूज, दिसणाऱ्या लालीच्या मानाने असह्य वेदना किंवा कातडी काळी पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. औषध घेतल्यावर चेहरा सुजला, श्वास अडकला किंवा चक्कर आली, तर महाराष्ट्रात 108 वर रुग्णवाहिका मागवावी. वारंवार पातळ किंवा रक्तमिश्रित जुलाब झाले, तर जुलाब थांबवणारी गोळी स्वतःहून न घेता डॉक्टरांना कळवावे.

औषध जितके दिवस लिहिले तितके दिवस घ्यावे. तिसऱ्या दिवशी सूज उतरली म्हणून उरलेल्या गोळ्या पुढच्या गळवासाठी जपून ठेवू नयेत. आणि इतके करूनही गुण आला नाही, तर दुकानातून अधिक ‘स्ट्राँग’ काही मागण्याऐवजी पुवाची कल्चर तपासणी (पुवातले जंतू वाढवून ते कोणते हे पाहणे) करावी का, हे डॉक्टरांना विचारावे. जाताना आतापर्यंत घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पट्टी सोबत न्यावी.